कुंपणाची पडताळणी

१८ मे २०१४ च्या रविवारी स्वित्झर्लंडच्या मतदारांना एकाच दिवशी बरंच काही ठरवायचं होतं. हवाई दलासाठी नवी लढाऊ विमानं घ्यायची का, किमान वेतन ताशी २२ फ्रँक करायचं का, आणि मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यात दोषी ठरलेल्या माणसाला मुलांसोबत काम करायला कायमची बंदी घालायची का. विमानं लोकांनी नाकारली, वेतनही नाकारलं. बंदीला मात्र ६३.५ टक्के मतं पडली, तीही सरकारने 'नको' म्हणून सांगितलेलं असताना. तेव्हापासून हा वाद देशोदेशीच्या संसदांत आणि आपल्या हातातल्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा रंगतो, आणि दर वेळी दोनच वाक्यांत अडकून बसतो. एक बाजू विचारते, 'तुमचं मूल सोपवाल का त्याच्याकडे?' दुसरी विचारते, 'शिक्षा भोगून आल्यावरही माणसाला जन्मभर टोचत राहायचं का?' दोन्ही प्रश्नांना टाळ्या पडतात. कायदा कसा असावा, हे दोन्हींतून काडीइतकंही कळत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. असा कायदा हवा, आणि तो सक्तीचा हवा. दोषी ठरलेल्याला घ्यायचं की नाही, हे मुख्याध्यापकाच्या किंवा संस्थाचालकाच्या मर्जीवर सोडता कामा नये. मात्र हा कायदा शिक्षा म्हणून लिहिला की बिघडतो. एका विशिष्ट जागेची पात्रता म्हणून लिहिला तर टिकतो. आणि समर्थकांना न आवडणारी गोष्टही बोलली पाहिजे: हा कायदा फार थोड्यांना अडवतो. ते कबूल न करता 'आता मुलं सुरक्षित झाली' असं सांगणं ही पालकांची फसवणूक आहे.

ही 'जागा' कसली असते? वर्गशिक्षक, वसतिगृहाचा अधीक्षक, पोहण्याचा प्रशिक्षक, शाळेच्या बसमधला मदतनीस, बालरुग्ण विभागातला परिचारक. या कामांत अधिकार असतो, एकांत असतो आणि समोरच्याने ऐकायचंच असतं. पोहायला शिकवणारा मुलाच्या अंगाला हात लावणारच, कपडे बदलायच्या खोलीपर्यंत जाणारच, आणि 'सर सांगतील तसं कर' हे मुलाला घरून बजावलेलं असणारच. मोठ्या माणसाला डॉक्टर पटला नाही तर ते दुसरा शोधतं. मुलाला ती मुभा नाही. त्याने या माणसाची मुलाखत घेतलेली नसते, कागदपत्रं पाहिलेली नसतात. कुणीतरी मोठ्याने त्याच्या वतीने निवड केलेली असते. आणि निवड करणाऱ्याला धोका पत्करायचा अधिकार नाही, कारण तो धोका त्याच्या अंगावर येणारच नसतो. माझा सगळा युक्तिवाद या एवढ्याशा गोष्टीवर उभा आहे.

आता विरोधकांचा सगळ्यात जुना आणि सगळ्यात सभ्य मुद्दा. न्यायालयाने शिक्षा दिली, माणसाने ती भोगली, हिशेब मिटला. त्यावर नोकरीची बंदी लादणं म्हणजे एकाच गुन्ह्याची दुसरी शिक्षा. हा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तुरुंगातून सुटलेल्याचं पुढे सगळंच आयुष्य शिक्षा होऊन बसलं तर तुरुंगाच्या मुदतीला अर्थ काय राहिला? पण इतर ठिकाणी आपण काय करतो ते पाहा. दोन वर्षं किंवा त्याहून अधिक कैद झालेला माणूस आपल्याकडे शिक्षा भोगत असताना आणि सुटकेनंतर आणखी सहा वर्षं निवडणूक लढवू शकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे सात वर्षं किंवा अधिक कैदेची शिक्षा झालेला माणूस कुठल्याही कंपनीचा संचालक होण्यास अपात्र ठरतो, तोही कायमचा. याला दुसरी शिक्षा कुणी म्हणत नाही. का? कारण आमदारकी किंवा संचालकपद हा कुणाचा पोटापाण्याचा हक्क नसून इतरांनी टाकलेला विश्वास आहे, हे सगळ्यांना मनातून मान्य आहे. भागधारकाच्या पैशाला जे संरक्षण आपण बिनतक्रार देतो, ते वसतिगृहातल्या नऊ वर्षांच्या मुलाला देताना मात्र आपल्याला घटना आठवते, हे मला जरा मौजेचं वाटतं.

अर्थात पात्रतेची भाषा वापरली की तिचे नियमही पाळावे लागतात. पात्रता-अपात्रतेला प्रमाण लागतं, मुदत लागते, फेरविचाराची वाट लागते. जपानने जून २०२४ मध्ये असा कायदा केला, तेव्हा तिथल्या घटनेतलं व्यवसायस्वातंत्र्य आडवं येईल म्हणून मुदतीवर पुष्कळ खल झाला. शेवटी तुरुंगवास झालेल्याचा गुन्हा शिक्षा पूर्ण झाल्यापासून २० वर्षं आणि दंड झालेल्याचा १० वर्षं तपासणीत दिसेल, असं ठरलं. स्वित्झर्लंडने जन्मभराची बंदी घेतली, पण १ जानेवारी २०१९ पासून ती अमलात आणताना अगदी किरकोळ प्रकरणांत न्यायालयाला सूट देण्याची फट ठेवली. मला विचाराल तर मुलावरच्या गंभीर गुन्ह्यात बंदी कायमची असावी, बाकीच्यांत मुदतीची. पण आकड्यांवर भांडण झालं तरी चालेल. आकड्यांवरचं भांडण निदान कायद्याचं भांडण असतं.

विरोधकांचा दुसरा मुद्दा आकडेवारीचा, आणि इथे समर्थकांनी बरीच वर्षं खोटं नाणं चालवलं आहे. 'असे लोक पुन्हा पुन्हा तेच करतात' हे वाक्य इतकं सवयीचं झालं आहे की त्याचा पुरावा कुणी मागत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ च्या दोन निकालांत या पुनरावृत्तीचं प्रमाण भीतिदायक आणि फार मोठं असल्याचं म्हटलं. या विधानाचा माग पुढे २०१५ मध्ये काढण्यात आला. तो जाऊन पोचला एका लोकप्रिय मासिकातल्या १९८६ च्या लेखापाशी. त्यात ८० टक्क्यांचा आकडा होता आणि त्यामागे कसलाही अभ्यास नव्हता. लिहिणारा स्वतःच अशा गुन्हेगारांसाठी उपचारकार्यक्रम चालवणारा. प्रत्यक्षात कॅनडातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये ६१ अभ्यास एकत्र केले, तेव्हा चार-पाच वर्षांत पुन्हा लैंगिक गुन्ह्यात सापडलेल्यांचं प्रमाण साधारण १३ टक्के निघालं. पुढच्या कामातून हेही दिसलं की गुन्ह्याशिवाय जसजशी वर्षं जातात तसतशी जोखीम घसरत जाते. यातलं सगळं मी मान्य करतो. या आकड्यांत न आलेले, कधी तक्रारच न झालेले गुन्हे असतात हे खरं, पण तेवढ्या आधारावर १३ चे ८० होत नाहीत.

मग बंदी कशाला? कारण १३ टक्के हा आकडा माणसाला घर द्यायचं का, कारखान्यात काम द्यायचं का, शेजारी राहू द्यायचं का, या प्रश्नांचं उत्तर देतो, आणि ते उत्तर 'हो, द्या' असंच आहे. शंभरातले सत्त्याऐंशी पुन्हा सापडले नाहीत, यापेक्षा सबळ कारण काय हवं? वसतिगृहाच्या रात्रपाळीचा प्रश्न मात्र वेगळा आहे. तिथे चुकीच्या निवडीची किंमत कोण मोजतो आणि बरोबर निवडीचा फायदा कुणाला होतो, हे दोन पारड्यांत टाकून पाहा. एका पारड्यात एका माणसाच्या हजार नोकऱ्यांच्या पर्यायांतली एक नोकरी कमी होते. दुसऱ्यात काय पडतं ते मी लिहायची गरज नाही.

बंदी आणि माणूस परत उभा करणं यांत वैर आहे, हेही मला पटत नाही. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात १९९४ मध्ये मेनोनाइट पंथाच्या एका पाळकाने आपल्या मंडळीतले काही लोक जमवले आणि तुरुंगातून सुटलेल्या, सगळ्या गावाने धसका घेतलेल्या एका गुन्हेगाराभोवती त्यांचं कडं उभं केलं. रोजची विचारपूस, दवाखाना, बाजार, कागदपत्रं, आणि जोडीला स्पष्ट प्रश्न: आज कुठे गेला होतास? कुणाला भेटलास? पुढे ही पद्धत इतर देशांतही गेली. या मंडळींनी त्या माणसाला माणसांत घेतलं. मुलांच्या वर्गावर शिकवायला पाठवलं नाही. दोन्ही एकदम करता येतं. करायची तयारी मात्र लागते.

या तयारीशिवाय कायदा कुठे जातो, त्याचा नमुना मायामीत पाहायला मिळाला. तिथल्या नियमाने मुलांवरच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना शाळांपासून अडीच हजार फुटांच्या आत राहायला मनाई केली. नकाशावर शाळांभोवती वर्तुळं काढत गेलं की दाट वस्तीच्या शहरात उरतं काय? उरला खाडीवरून जाणाऱ्या एका हमरस्त्याच्या पुलाचा तळ. २००७ च्या सुमारास तिथे डझनावारी माणसं तंबू आणि फळ्यांच्या खोपटांत राहू लागली. वर गाड्यांचा अखंड घरघराट, खाली पाणी. सरकारी देखरेख करणारे अधिकारी त्यांना भेटायला पुलाखाली येत. २०१० मध्ये ती वस्ती हटवली गेली. यातून एक तरी मूल सुरक्षित झालं का? शाळेपासून किती फुटांवर झोपतो यावर गुन्हा ठरत नसतो. मुलापर्यंत विश्वासाने पोचता येतं का, यावर तो ठरतो. याला आपल्याकडे साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात. नॉर्थ कॅरोलायना राज्याने तर अशा लोकांना सामाजिक माध्यमांवर येण्यालाच गुन्हा ठरवलं, आणि २०१७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा मोडीत काढला. जागेवरची बंदी माणसावर पसरली की असंच होतं. म्हणून 'पात्रता' या शब्दाला मी इतका चिकटून आहे.

अपात्र ठरणाऱ्यांच्या यादीत कोण पडतं, याचाही विचार कडक कायदा मागणारे फारसा करत नाहीत. जॉर्जिया राज्यात सतरा वर्षांच्या मुलाला पंधरा वर्षांच्या मुलीशी संमतीने झालेल्या संबंधासाठी दहा वर्षांची सक्तीची शिक्षा झाली होती. २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती क्रूर ठरवून त्याला सोडलं. स्वित्झर्लंडच्या प्रचारातही विरोधकांचा सगळ्यात नेमका बाण हाच होता: विशीतला तरुण आणि पंधरा वर्षांची त्याची मैत्रीण यांच्या प्रकरणाला जन्मभराची बंदी लावायची का? आपल्याकडे मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या पोक्सो कायद्यात संमतीचं वय १८ आहे. आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० या काळातले ७,०६४ निकाल एन्फोल्ड या संस्थेने तपासले, तेव्हा त्यांतले १,७१५, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा, प्रेमप्रकरणांचे निघाले. त्यांतले बहुतेक जण सुटले, हे खरं. पण जो सुटला नाही, घरच्यांच्या तक्रारीवरून एकोणिसाव्या वर्षी दोषी ठरला आणि पुढे त्याच मुलीशी लग्न करून बसला, त्याला पस्तिसाव्या वर्षी शाळेत शिपायाची नोकरीही नाकारायची का? गुन्ह्याचं कलम पाहून नव्हे, गुन्ह्याची घटना पाहून यादी बनली पाहिजे. नाहीतर सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि ओलं जळताना पाहिलेले न्यायाधीश मग सुक्यालाही सूट देऊ लागतात.

याद्यांबद्दलची शंका आपल्याकडे आणखी जुनी आहे. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, आणि जमातीच्या जमाती पोलिसांच्या वहीत चढल्या. हजेरी, परवाना, तपासणी. कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. वहीतली नावं लोकांच्या आणि पोलिसांच्या डोक्यातून अजून खोडली गेलेली नाहीत. फरक उघड आहे. तिथे जन्म पाहून नाव चढत होतं, इथे न्यायालयात सिद्ध झालेलं कृत्य पाहून चढणार आहे. तरीही त्या वहीचा धडा घ्यायला हवा. यादी उघडायला एक सही पुरते, बंद करायला पिढ्या जातात. म्हणून मला ही यादी चौकात टांगलेली नको. नेमणूक करणाऱ्या संस्थेने नाव विचारावं आणि 'या कामासाठी पात्र' किंवा 'अपात्र' एवढंच उत्तर मिळावं. शेजाऱ्याला ते कळायचं कारण नाही.

आता येतो तो मुद्दा, ज्यापुढे समर्थक बहुधा गप्प होतात. न्यूयॉर्क राज्यातल्या अटकांच्या नोंदींवर २००८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लैंगिक गुन्ह्यात अटक झालेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक जणांवर आधी अशा गुन्ह्याची शिक्षाच नव्हती. म्हणजे दोषींची यादी कितीही चोख ठेवली तरी ती अटक होणाऱ्या शंभरातल्या पाचांच्या आसपासच पोचणार. मग एवढा खटाटोप कशासाठी? मी उलट विचारतो: हे पंच्याण्णव 'पहिल्यांदाच' म्हणजे खरोखर पहिल्यांदा, की पहिल्यांदा सापडलेले? इथेच घोडं पेंड खातं. बॉस्टनमधल्या एका कॅथलिक धर्मगुरूला तीन दशकांत सहा पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांत, फिरवण्यात आलं. एकीकडे तक्रार आली की दुसरीकडे बदली. २००२ च्या जानेवारीत वर्तमानपत्राने ते उघडकीला आणलं आणि डिसेंबरात तिथल्या कार्डिनलना पद सोडावं लागलं. अमेरिकन जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरला २०१८ मध्ये शिक्षा सुनावली गेली, तेव्हा दीडशेहून अधिक मुली आणि स्त्रियांनी न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं; पहिली तक्रार १९९७ सालची होती. या दोघांचंही नाव त्या वर्षांत कुठल्याच दोषींच्या यादीत सापडलं नसतं. ते संस्थेला माहीत होतं, यादीला नव्हतं.

एका संस्थेच्या निवड समितीवर मी काही वर्षं होतो. मुलांच्या निवासी शिबिरांसाठी माणसं घ्यायची असत. एका उमेदवाराचा अनुभवाचा दाखला उत्तम होता: कामसू, वक्तशीर, मुलांमध्ये चटकन मिसळणारा. त्याने दोन ठिकाणच्या नोकऱ्या सत्राच्या अधेमधेच सोडल्या होत्या. मी आधीच्या ठिकाणी फोन केला. पलीकडच्या बाई आधी मोकळेपणाने बोलत होत्या. 'पुन्हा घ्याल का त्यांना?' एवढं विचारल्यावर फोनवर थोडा वेळ शांतता पसरली, आणि मग, 'दाखल्यात लिहिलंय तेवढंच मी सांगू शकते.' आम्ही त्याला घेतलं नाही. पण समितीतल्या एका गृहस्थांचं म्हणणं होतं की नुसत्या शांततेवरून कुणाला नाकारणं अन्याय आहे. ते चुकीचं बोलत नव्हते. तो माणूस निर्दोष असेल तर आम्ही त्याच्यावर अन्याय केला, आणि दोषी असेल तर त्या बाईंनी पुढच्या संस्थेतल्या मुलांवर. दोन्ही शक्यतांत एकच गोष्ट घडलेली होती: चौकशी न करता, गोड दाखला हातात ठेवून राजीनामा घेतलेला होता. हा प्रकार अमेरिकन शाळांत इतका रुळला होता की 'कचरा पुढे ढकलणं' अशा अर्थाचा एक शब्दप्रयोगच त्याला पडला. डिसेंबर २०१५ च्या तिथल्या शिक्षण कायद्यात त्यावर कलम आलं: एखाद्याने मुलाशी लैंगिक गैरवर्तन केल्याचं माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, त्याला दुसरी नोकरी मिळवायला मदत करायची नाही. मला दोषींच्या बंदीइतकंच, किंबहुना कांकणभर अधिक, हे कलम मोलाचं वाटतं. आपल्याकडे कुंपणच शेत खातं म्हणतात. इथे एक कुंपण दुसऱ्या कुंपणाला शिफारसपत्र देत असतं.

पण मग नुसत्या तक्रारीवरून माणसाला बाद करायचं? नाही, आणि इथे इतिहास समर्थकांच्या विरोधात साक्ष देतो. कॅलिफोर्नियातल्या एका बालवाडीवर १९८३ मध्ये आरोप झाले. मुलांच्या मुलाखती अशा घेतल्या गेल्या की मुलं मोठ्यांना हवी ती उत्तरं देऊ लागली. भुयारं, गुप्त विधी, काहीही. खटला १९९० पर्यंत चालला आणि एकालाही शिक्षा झाली नाही. दरम्यान एका आरोपीची पाच वर्षं कोठडीत गेली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची समाजाची ताकद किती असते, ते त्या वर्षांत दिसलं. म्हणून सिद्ध न झालेल्या तक्रारींचा निवाडा ना संस्थेने करावा, ना पोलिसांनी, ना मंत्र्यांनी. मंत्र्यांचं उदाहरण खरंच आहे: ब्रिटनमध्ये लैंगिक गुन्हेगारांच्या नोंदवहीत नाव असलेल्या एका शिक्षकाला मंत्र्यांच्या पातळीवर 'हरकत नाही' मिळाल्याचं २००६ च्या जानेवारीत बाहेर आलं आणि शिक्षणमंत्र्यांची खुर्ची डळमळली. त्यानंतर तिथे हे निर्णय तज्ज्ञांच्या स्वतंत्र मंडळाकडे गेले. ज्याच्याविरुद्ध माहिती आहे त्याला ती दाखवायची, त्याचं म्हणणं ऐकायचं, कारणं लेखी द्यायची, वर दाद मागू द्यायची. हे खर्चाचं काम आहे, वेळखाऊ आहे. आणि अतिरेकही झाला: तिथल्या योजनेत नव्वद लाखांहून अधिक लोकांची नोंदणी होणार होती. शाळेत तासाभराच्या गप्पांना जाणाऱ्या मुलांच्या लेखकांनाही नोंदणी करावी लागेल म्हटल्यावर २००९ मध्ये त्यांच्यातले काही नामवंत चिडून शाळांत जाणार नाही म्हणाले. २०१२ मध्ये योजना छाटली गेली. योग्य झालं. आपली जागा कुठली, हे विसरलेला कायदा होता तो.

दुसरी चूक उलट्या दिशेची असते. जपानच्या कायद्यात शाळा आणि परवानाधारक पाळणाघरांना तपासणी सक्तीची आहे, खासगी शिकवण्या आणि क्रीडावर्गांना मात्र ऐच्छिक. ऑस्ट्रेलियात प्रत्येक राज्याची पडताळणी वेगळी, निकष वेगळे. मुलांच्या लैंगिक शोषणावरच्या तिथल्या शाही आयोगाने २०१५ मध्येच देशभर एकच पद्धत करा म्हणून बजावलं होतं. ज्याला मुलांपर्यंत पोचायचं आहे तो सगळ्यात उंच कुंपण शोधत नाही. आपल्याकडची गत तर वेगळीच. २०२० च्या पोक्सो नियमांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या संस्थांना कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी वेळोवेळी करायला सांगितलं आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय माहितीसूची सप्टेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तेव्हाच तिच्यात ४ लाख ४० हजारांच्या घरात नोंदी होत्या. ती पाहतात तपास यंत्रणा. पण पडताळणीत दोष निघाला तर त्या माणसाला या कामातून आपोआप बाद करणारं कलम मूळ पोक्सो कायद्यात नाही. शिक्का आहे, कपाट आहे, कपाटाची किल्ली आहे. कपाटात सापडलेल्या कागदाचं करायचं काय, ते लिहिलेलं नाही. चर्चा मात्र फाशीवर चालते.

आणि कायदा, मंडळ, सूची हे सगळं असूनही काम शेवटी एका टेबलाशी येऊन थांबतं. २००२ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्या सोहम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी जवळच्या माध्यमिक शाळेचा केअरटेकर होता. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या मुली त्याच्या शाळेतल्या नव्हत्या. त्या त्याच्या जोडीदारणीला ओळखत होत्या, म्हणून त्याच्या दाराशी गेल्या. नोकरी नाकारली असती तर सगळंच टळलं असतं, असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पण पुढच्या चौकशीत निघालं की १९९५ ते १९९९ या काळात हंबरसाइड पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध आठ लैंगिक गुन्ह्यांचे आरोप आलेले होते. एकातही शिक्षा नाही. नोंदी नीट ठेवलेल्या नाहीत, काही काढून टाकलेल्या, आणि त्याचं खापर आधी माहितीसंरक्षणाच्या कायद्यावर फोडलं गेलं. नोकरीचा अर्ज त्याने 'निक्सन' या आडनावाने केला होता, आईच्या माहेरच्या. पूर्वी आपलं आडनाव हंटली होतं, हेही त्याने त्याच अर्जात लिहून दिलं होतं. पोलिसांकडच्या तपासणीत संगणकावर एकच आडनाव घातलं गेलं, निक्सन.